बर्लिनहून व्हाया पुणे

बर्लिनमध्ये राहणाऱ्या मुलीने पुण्यातल्या घरच्या राउटरवर व्हीपीएन बसवला, तर तिच्या लॅपटॉपवरचा मजकूर कुलूपबंद होऊन आधी पुण्यात पोचतो आणि मग तिथून इंटरनेटवर जातो. समोरच्या वेबसाइटला पत्ता दिसतो तो घरच्या कनेक्शनचा. 2020 पासून लिनक्सच्या गाभ्यातच असलेलं वायरगार्ड हे त्यासाठी मला सर्वांत सुटसुटीत वाटतं.

घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आयपीव्ही4चे पत्ते अपुरे पडल्यामुळे अनेक कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी घरं ठेवतात. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘वॅन आयपी’पुढचा आकडा पाहा. त्याची सुरुवात 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने होत असेल, तर बाहेरून थेट घरापर्यंत पोचताच येत नाही. मग कंपनीकडून स्वतंत्र स्थिर पत्ता घ्यावा, किंवा आयपीव्ही6 मिळत असेल तर ते वापरून पाहावं.

अंतरामुळे थोडा उशीरही होतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. बर्लिन-पुणे अंतर 6 हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे जाऊन-येऊन किमान 60 मिलिसेकंद, प्रत्यक्षात बरेच जास्त. शिवाय बर्लिनमधला डाउनलोड म्हणजे पुण्यातला अपलोड, त्यामुळे प्लॅन घेताना अपलोडचाच वेग आधी विचारा. आणि पुण्यात वीज गेली की सगळंच बंद, तेव्हा आईबाबांच्या राउटरला छोटा यूपीएस जोडून द्या.