‘नेसरीला’ इंग्रजीत सांगताना

‘ती नेसरीला राहते’ आणि ‘ती नेसरीला जाते’ या दोन्ही वाक्यांत मराठीचे काम एकाच ‘ला’वर भागते. राहणे की जाणे, हे क्रियापद सांगते. इंग्रजीत तो फरक नामाआधीच्या छोट्या शब्दालाही दाखवावा लागतो. राहणारी ‘इन नेसरी’, जाणारी ‘टु नेसरी’. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते, तरी ‘त म्हणजे इन, वर म्हणजे ऑन, ला म्हणजे टु’ हे पाठांतर सुटलेले नाही. बहुतेक चुकांचे मूळ त्यातच आहे.

इंग्रजीत आधी ठरते ते जागेकडे कसे पाहायचे. गडहिंग्लजहून चंदगडकडे निघालेल्या एसटीच्या दृष्टीने नेसरी हा वाटेवरचा एक ठिपका, म्हणून बस थांबते ‘ॲट नेसरी’. ज्याचे घरदार तिथे आहे त्याला ते गाव चहूबाजूंनी वेढते, म्हणून तो राहतो ‘इन नेसरी’. वाहनांचेही तसेच. जिच्यात उभे राहता, चालता येते ती बस ‘ऑन’ घेते. वाकून शिरावे लागते ती रिक्षा ‘इन’.

‘वर’ने तर फारच घोटाळे होतात. भिंतीवरची पाल ‘ऑन’, कारण ती भिंतीला चिकटलेली आहे. डोक्यावरचा पंखा ‘ओव्हर’, कारण मध्ये अंतर आहे. गडहिंग्लज हे हिरण्यकेशीच्या काठचे गाव; नदी ही नकाशावरची रेघ मानून त्याला ‘ऑन द हिरण्यकेशी’ म्हणतात. नदीवर धुणे धुणारी बाई मात्र ‘ॲट द रिव्हर’ असते.

गतीचे शब्द नेसरीच्याच इतिहासात नीट पाहता येतात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार इथे बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही जण धारातीर्थी पडले. या ‘वर’ला ‘ऑन’ लावून चालत नाही. ‘रोड टुवर्ड्ज’ म्हटले तर घोडे फक्त फौजेच्या दिशेने निघाले. ‘रोड ॲट’ म्हटले की तिच्यावर हल्ला चढवायला सुटले. ‘रोड इनटू’ म्हटले की शत्रूच्या गर्दीत घुसले. सात जणांनी हजारोंच्या फौजेला भिडणे सांगायला हा तिसरा शब्दच हवा. ‘इन’ आत असणे दाखवतो, ‘इनटू’ बाहेरून आत जाणे. मराठीचा ‘त’ दोन्हीकडे चालतो, म्हणून इथे नेमकी चूक होते.

‘शेतातून चालत गेला’ या वाक्यासाठी तर आधी पीक पाहावे लागते. ऊस तोडून रान मोकळे झाले असेल तर ‘अक्रॉस द फील्ड’. डोक्याएवढा ऊस दोन्ही बाजूंनी उभा असेल तर ‘थ्रू द शुगरकेन’. उघड्या पृष्ठभागावरून पलीकडे जाणे वेगळे आणि दाटीतून वाट काढणे वेगळे. विहिरीतून पाणी शेंदले, तर ते ‘आउट ऑफ द वेल’.

काही ठिकाणी मात्र इंग्रजी हात आखडता घेते. घरी जाणे म्हणजे नुसते ‘गो होम’. खोलीत शिरणे म्हणजे ‘एन्टर द रूम’. त्यात ‘इनटू’ घातला की वाक्य चुकले. पोहोचण्यासाठी ‘अराइव्ह’ वापरले तर पुढे ‘इन’ किंवा ‘ॲट’ लागतो, पण ‘रीच’ला काहीच लागत नाही. ‘शी रीच्ड नेसरी’ हे वाक्य तेवढ्यानेच पूर्ण होते.