भेटकार्डाचे पाकीट : निर्मिती, सजावट आणि नाव

भीमजयंती जवळ आली की वसतिगृहातील मुले स्वतः भेटकार्डे तयार करून घरी पाठवितात. कार्डावर दोन-तीन दिवस खर्च होतात; पाकीट मात्र ऐन वेळी दुकानातून आणले जाते. ते बहुधा मापाचे नसते. कार्ड आत हलते, त्याचे कोपरे दुमडतात. वास्तविक घरच्यांच्या हाती प्रथम पडते ते पाकीटच. म्हणून त्याची निर्मिती व सजावट कशी करावी, याचे थोडे विवेचन येथे करीत आहे.

इतिहास पाहिला तर पाकिटाचे मूळ कार्य ध्यानात येते. आजच्या तुर्कस्तानातील कुलतेपे येथे सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीच्या अश्शूरी व्यापाऱ्यांची मातीच्या पाट्यांवरील पत्रे सापडली आहेत. अशी पाटी मातीच्याच पातळ आवरणात बंद करून त्यावर मुद्रा उमटवीत. आवरण फोडल्याशिवाय मजकूर वाचता येत नसे. पुढे कागद आला, तरी पाकीट सर्वांस परवडत नव्हते. इंग्लंडमध्ये १८४० पूर्वी टपालखर्च अंतर आणि कागदांची संख्या यांवर आकारीत. पाकीट हा आणखी एक कागद ठरे. त्यामुळे लोक पत्रालाच घडी घालून ते लाखेने बंद करीत. १८४० मध्ये वजनावर आधारित एक पेनीचा दर आला आणि पाकीट सामान्यांच्या हाती आले. भारतात १८५४ मध्ये अंतर न पाहता पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा हा दर लागू झाला. आतील मजकूर एकासाठी आणि बाहेरील पत्ता सर्वांसाठी, ही पाकिटाची दोन कामे आजही कायम आहेत.

आता कृतीकडे वळू. कार्ड १५ × १० सें.मी.चे असेल तर पाकीट प्रत्येक बाजूस ५ मि.मी. मोठे, म्हणजे १६ × ११ सें.मी. धरावे. लांबी व रुंदीची बेरीज २७ येते, तिला ०.७१ ने गुणल्यास सुमारे १९ मिळतात. एवढ्या बाजूच्या चौरसात पाकीट जेमतेम बसते, पण चिकटविण्यास जागा उरत नाही. म्हणून २० सें.मी.चा चौरस घ्यावा. ए-४ कागदाची रुंदी २१ सें.मी. असल्याने तो त्यातून सहज निघतो. चौरसाच्या मधोमध, कोपरे वर-खाली व डावी-उजवीकडे येतील असे, पाकिटाच्या मापाचा पुठ्ठ्याचा साचा तिरका ठेवावा व पेन्सिलीने आखावा. आधी डावा व उजवा कोपरा आत दुमडावा, मग खालचा कोपरा त्यांवर आणावा. कडा एकमेकींवर सुमारे ९ मि.मी. येतात, तेवढ्याच पट्ट्यात मैद्याची ताजी खळ पातळ लावावी. जाड लावल्यास कागद सुरकुततो आणि कार्डही आत चिकटते. घडी नखाने न घासता चमच्याच्या पाठीने घासावी.

सजावटीसाठी पाठीमागची झडप, डावीकडील अरुंद पट्टी आणि आतील अस्तर या तीन जागा उत्तम. भेंडीचे ठसे, पिंपळपानाचा ठसा किंवा जुन्या दिनदर्शिकेच्या कागदाचे अस्तर शोभून दिसते. मणी, टिकल्या, टाचण्या लावू नयेत. थैलीत इतर टपालाबरोबर पाकीट दाबले जाते. वर उजवीकडे तिकीट, मध्यावर पत्ता आणि खाली डावीकडे स्वतःचा पत्ता, एवढी जागा कोरी ठेवावी. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेल्या सहा अंकी पिनकोडातील शेवटचे तीन अंक नेमके टपाल कार्यालय दर्शवितात. ते पुसट झाल्यास पत्र भरकटते. एका वर्षी मी हौसेने गडद जांभळा कागद वाटला आणि मुलांनी त्यावर निळ्या शाईने पत्ते लिहिले. चार पाकिटे परत आली. चूक मुलांची नव्हती, माझी होती.

पत्त्याविषयी आणखी एक सांगावेसे वाटते. सहावीतील एका मुलाने पाकिटावर केवळ ‘आईस’ एवढेच लिहिले होते. पूर्ण नाव विचारताच तो गप्प झाला. गावात तिला सारे थोरल्या मुलाच्या नावाने, ‘अमक्याची आई’ म्हणूनच ओळखत. अखेर प्रवेश-अर्जातून आम्ही तिचे नाव शोधले. त्याने आधी ‘आयुष्मती’ लिहिले आणि मग तिचे संपूर्ण नाव सुवाच्य अक्षरांत उतरविले. उन्हाळी सुट्टीनंतर परतल्यावर तो म्हणाला, “सर, पोस्टमनकाकांनी अंगणात उभं राहून आईचं नाव वाचलं. आधी ती उठलीच नाही. तिला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं पत्र आहे.” कार्ड पेटीत ठेवले आहे आणि पाकीट मात्र येणाऱ्याजाणाऱ्यास दिसेल असे आरशाच्या चौकटीत खोचले आहे, असेही त्याने सांगितले.

तेव्हापासून आमच्या वर्गात पाकिटाची सजावट रंगाने सुरू होत नाही. आधी पूर्ण नाव लिहावयाचे, आणि मग त्याभोवती जी जागा उरेल तेवढीच रंगवावयाची.