खरबरीत चांदी आणि कांद्याचे बी

आमच्या शिरूर-दौंडकडे कांद्याचे रोप टाकण्याआधी बियाण्याला थायरम चोळतात, किलोला दोन-तीन ग्रॅम. बुरशीने रोपे कोलमडू नयेत म्हणून. हेच थायरम पाण्यात किंवा फळाच्या सालीवर लेशमात्र उरले, तर ओळखायचे कसे?

रामन यांना १९२८ साली कोलकात्यात आढळले ते असे, की रेणूवर पडलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश रंग बदलून विखुरतो आणि त्या बदलावरून रेणू ओळखता येतो. पण हा अंश कोटीभर प्रकाशकणांत एखाद्याचा. थोडे रेणू असतील तर काहीच दिसत नाही.

१९७४ साली इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे फ्लाइशमन, हेन्ड्रा आणि मॅक्विलन यांनी चांदीची पट्टी विजेने पुन्हापुन्हा विरघळवून-बसवून खरबरीत केली. तिच्यावर चिकटलेल्या पिरिडीनचा रामन-संकेत ठळक मिळाला. त्यांचा हिशेब सरळ होता: खरबरीतपणाने जागा वाढली, म्हणून रेणू जास्त बसले. १९७७ साली अमेरिकेत जीनमेअर व व्हॅन ड्यूइन आणि इंग्लंडात अल्ब्रेख्त व क्रायटन यांनी दाखवले, की एवढ्याने भागत नाही. संकेत लाख ते दहा लाख पटींनी वाढला होता. जागा तेवढी वाढणे शक्यच नव्हते.

चांदीतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर झुलतात. काही दशक नॅनोमीटरच्या उंचवट्यांत ते कोंडले गेले, की विद्युतक्षेत्र टोकांशी आणि फटींत एकवटते. ते येणाऱ्या प्रकाशाला बळ देते, तसेच रेणूकडून परतणाऱ्यालाही. त्यामुळे संकेत क्षेत्राच्या चौथ्या घाताने वाढतो: क्षेत्र दहापट, तर संकेत दहा हजारपट, तीसपट, तर आठ लाखांवर. (लक्ष्मीपूजनाला घासून लखलखीत केलेली वाटी इथे कुचकामी!) थोडा वाटा रेणू-धातूच्या रासायनिक देवघेवीचाही असतो, पण मला तो दुय्यम वाटतो.

ही करामत पृष्ठभागापासून काही नॅनोमीटरपर्यंतच चालते. रेणू चांदीला जवळजवळ भिडायलाच हवा. थायरमची गोष्ट इथे सोपी होते. त्याच्यात गंधक आहे आणि गंधकाची चांदीशी जवळीक दागिने काळे पडताना आपण पाहतोच. थायरमचा रेणू गंधकाच्या जोडावर तुटतो आणि दोन्ही तुकडे धातूला घट्ट धरतात. असे न चिकटणारे औषध मात्र याच पट्टीवर निसटून जाते.

पुण्याच्या ‘आयसर’मध्ये जी. व्ही. पवन कुमार यांचा गट चांदीच्या नॅनोतारांवर याच परिणामाचा अभ्यास करत आला आहे. कारण फटी सारख्या नसतात. एका फटीतला रेणू सपाटीवरच्या हजारोंना झाकून टाकतो. त्यामुळे थायरम ‘आहे’ हे ही पद्धत चटकन सांगते, ‘किती’ विचारले की चाचरते. त्या उत्तरासाठी नमुना अजून क्रोमॅटोग्राफीकडेच धाडावा, असे माझे मत आहे.