अनंतावरची शिंगवाली अळी

अनंताच्या कुंडीभोवती काळपट लेंड्या दिसल्या की बागवाली मंडळी फवारणीचा पंप शोधू लागतात. जरा थांबा. वर कोवळ्या पानांत जाडजूड हिरवी अळी बसलेली असेल, मागच्या टोकाला शिंग असलेली. शिंग पाहून माणूस दचकतो. पण ते टोचत नाही आणि अंगाला खाज आणणारे केसही तिला नसतात.

ही सेफोनोड्स हायलस या पतंगाची अळी. कॉफी ही अनंताच्याच कुळातली असल्याने तिची पानंही या अळीला चालतात. म्हणून इंग्रजी नाव ‘कॉफी बी हॉक मॉथ’. मादी पानांवर सुटी सुटी अंडी घालते. अळी कात टाकत वाढते, पोसली की झाडावरून उतरते आणि पाचोळ्याखाली किंवा मातीत कोष करते.

खरी गंमत पुढे आहे. कोषातून निघालेल्या पतंगाचे पंख करड्या खवल्यांनी झाकलेले असतात. पंख थरथरवून तो अंगातले स्नायू तापवतो आणि उडतो. त्या पहिल्याच उड्डाणात खवल्यांची भुकटी झडून जाते. उरतात काचेसारखे आरपार पंख, त्यांत काळसर शिरा. काच उन्हात चमकते, हे पंख मात्र फारसे चमकत नाहीत. जपानी संशोधकांना १९९०च्या दशकात त्यांच्या पृष्ठभागावर प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही बारीक, दाटीने उभे असलेले उंचवटे आढळले. त्यांच्यामुळे हवा आणि पंख यांच्यातली सीमा प्रकाशासाठी पुसट होते आणि परावर्तन घटतं. हे उंचवटे नाहीसे केले, तेव्हा परावर्तन वाढलं.

पतंग म्हटला की रात्र आणि दिवा, हे समीकरण इथे मोडतं. हा भर दिवसा उडतो, फुलासमोर अधांतरी थांबून लांब सोंडेने मध पितो. दिवसा वटवाघळं नसतात, पण पक्षी असतात. त्यांच्यासाठी सोंग तयार आहे: पिवळट-हिरवं गुबगुबीत अंग, पोटावर तांबूस पट्टा, शेवटी काळा झुपका. लांबून हुबेहूब भुंगा, फक्त नांगी नाही! फुलाशी घोंघावणारा हा प्राणी मधमाशीच समजून आपणही मागे सरकतो.

निरोगी अनंताला चार फांद्यांची पानं गेल्याने काही होत नाही, नवी फुटतात. तेव्हा यंदा पंप राहू द्या, आणि झाडाखालचा पाचोळाही झाडू नका.