शिसे नसलेली गोळी आणि केळ्याची साल

छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात भौतिकशास्त्राचे विद्यार्थी फेराइट आणि पेरोव्हस्काइट सिरॅमिकवर बरीच वर्षे काम करत आले आहेत. पावडर खलायची, प्रेसमध्ये गोळी दाबायची, भट्टीत भाजायची, दोन्ही बाजूंना सिल्व्हर पेस्ट लावून मोजमाप घ्यायचे. या गोळीभोवती, विशेषतः शिसे नसलेल्या गोळीभोवती, काही समज मात्र घट्ट बसले आहेत.

गैरसमज: शिसेविरहित सिरॅमिक ही अलीकडची नवलाई आहे.
उलट, तीच थोरली. शिसे नसलेल्या बेरियम टायटनेटचे गुण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, रशिया आणि जपानमध्ये स्वतंत्रपणे हाती लागले. शिशाचे पीझेडटी (लेड झिर्कोनेट टायटनेट) १९५०च्या दशकात आले. मोबाइलमधले शेकडो चिमुकले कपॅसिटर आजही मुख्यतः बेरियम टायटनेटचेच असतात.

गैरसमज: विद्युतक्षेत्र आणि ध्रुवीकरणाच्या आलेखात हिस्टेरिसिस लूप मिळाला, म्हणजे पदार्थ फेरोइलेक्ट्रिक (विद्युतक्षेत्राने ध्रुवीकरण उलटवता येणारा).
या समजाने अनेक शोधनिबंध नासवले आहेत. २००८ साली जेम्स स्कॉट या भौतिकशास्त्रज्ञाने केळ्याच्या सालीला इलेक्ट्रोड लावून लूप काढून दाखवला आणि तो छापलाही. (केळ्यांचे जळगाव शेजारी असताना हा प्रयोग आपल्याकडे आधी सुचायला हरकत नव्हती!) साल फेरोइलेक्ट्रिक नाही; तिच्यातून विद्युतप्रवाह झिरपतो आणि यंत्र तोच विद्युतभार ध्रुवीकरण म्हणून मोजते. खरा लूप टोकांना सपाट होत जातो, झिरपणाऱ्या पदार्थाचा फुगीर गोलसर राहतो. डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचेही तसेच. कमी वारंवारतेला तो लाखाच्या घरात गेला की आनंद होतो, पण बहुतेकदा ती कणांच्या सीमांवर आणि इलेक्ट्रोडपाशी साचलेल्या विद्युतभाराची करामत असते. अशा वेळी आधी टॅन डेल्टा, म्हणजे ऊर्जेच्या गळतीचे माप, बघावा.

गैरसमज: शिसे गेले की ताकदही गेली.
साध्या बेरियम टायटनेटचा पीझो गुणांक, म्हणजे दाबल्यावर किती विद्युतभार मिळतो त्याचे माप, सुमारे १९० पिकोकूलॉम प्रति न्यूटन. २००४ साली जपानमध्ये पोटॅशियम-सोडियम नायोबेटच्या एका प्रकाराने ४१६ गाठले. २००९ साली चीनमध्ये कॅल्शियम व झिर्कोनियम मिसळलेल्या बेरियम टायटनेटने ६२०. अडचण वेगळीच आहे: या दुसऱ्याचे क्युरी तापमान, ज्याच्या वर हा गुण नाहीसा होतो, ९३ अंश सेल्सिअसच्या आसपास. शहराजवळच्या वाळूजमध्ये बनणाऱ्या गाडीच्या इंजिनाजवळ सेन्सर बसवायचा, तर तो गुण तिथे टिकणार नाही.

गैरसमज: कायद्याने शिशाचे सिरॅमिक बंद झाले.
नाही. ई-कचरा नियमांत शिशाची मर्यादा वजनाच्या ०.१ टक्का आहे आणि पीझेडटीत ते ६० टक्क्यांहून अधिक असते. तरी युरोपप्रमाणे आपल्याकडेही पीझो सिरॅमिकला सूट आहे, कारण सगळीकडे चालेल असा पर्याय अजून नाही. शिवाय शिसेविरहित म्हणजे आपोआप निर्धोक, असेही नाही. २०१६च्या एका ब्रिटिश अभ्यासात नायोबेटला लागणाऱ्या नायोबियमच्या खाणकामाचा आणि शुद्धीकरणाचा पर्यावरणावरचा भार मोठा निघाला.

राहता राहिले पोटॅशियम-सोडियम नायोबेटचे रासायनिक सूत्र. कागदावर ते जमले, तरी भट्टीत सोडियम-पोटॅशियम उडून जातात. त्याच्या कच्च्या मालातले पोटॅशियम कार्बोनेट तर हवेतला ओलावा शोषते, म्हणून पावसाळ्यात ते ओव्हनमध्ये सुकवून लगेच तोलले नाही, तर गोळी भाजण्याआधीच प्रमाण चुकलेले असते.