धुक्यातला दिवा खाली का?

पावसाळ्यात कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालेल्या प्रवाशाला आंबा घाटात बहुधा धुके गाठतेच. अशा वेळी नवखा चालक एक गोष्ट हमखास करतो. रस्ता नीट दिसत नाही म्हणून तो दिव्यांचा ‘अपर’ लावतो, आणि आतापर्यंत निदान पंधरा पावलांवर दिसणारा रस्त्याकडेचा पांढरा पट्टाही दिसेनासा होतो. समोर कुणी दुधी काच धरावी तसे होते. गडबडून ‘डिपर’ केला की पट्टा परत येतो. उजेड वाढवला तर कमी दिसते आणि कमी केला तर जास्त दिसते, हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला पुस्तकात सापडण्याआधी गाडीखाली सापडले. आमच्या एका सहकाऱ्याच्या जुन्या मोटारीला धुक्याचे दिवे, म्हणजे बाजारात ज्यांना फॉगलॅम्प म्हणतात ते, आम्ही घरीच बसवले. त्या दोन रविवारांत प्रकाश, विद्युतधारा, विद्युतचुंबक आणि गती अशी शाळेतली चार प्रकरणे हाताखालून गेली. म्हणून ती हकीकत येथे सविस्तर देत आहोत.

घाटातले पावसाळी धुके म्हणजे खरे तर जमिनीला टेकलेला ढग. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्री चढताना थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. उत्तर भारतात हिवाळ्याच्या रात्री जमीन निवून जे धुके पडते त्याची जन्मकथा निराळी. पण दिव्याच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. हवेत तरंगणारे असंख्य थेंब, प्रत्येकाचा व्यास साधारण १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास.

समजा, धुके इतके दाट आहे की दर १० मीटरला उजेड निम्मा होतो. ३० मीटरवरच्या दगडापर्यंत पोहोचताना तो एक अष्टमांश उरेल. दगडावरून परत डोळ्यांपर्यंत येताना पुन्हा त्याचा एक अष्टमांश. म्हणजे ६४ वा भाग. (अंतराबरोबर प्रकाश पसरून क्षीण होतो, ते वेगळेच.) मग बाकीचा प्रकाश गेला कुठे? तो थेंबांमुळे चहूकडे विखुरला, आणि त्यातला काही सरळ आपल्याच डोळ्यांत परत आला. हाच तो पांढरा पडदा. आता दुप्पट वॉटचा दिवा लावू. दगडाकडून येणारा प्रकाश दुप्पट होईल हे खरे, पण पडदाही दुप्पट उजळेल. डोळा वस्तू ओळखतो तो तिचा उजळपणा आणि मागच्या-पुढच्या भागाचा उजळपणा यांच्या प्रमाणावरून. ते प्रमाण होते तेथेच राहिले! धुक्यावर अधिक वॉटचा उतारा का चालत नाही, ते यावरून कळेल.

उपाय एकच उरतो. डोळा आणि रस्ता यांच्या मधले धुके शक्य तेवढे अंधारात ठेवायचे. धुक्याच्या दिव्याची सारी रचना याच्यासाठी असते. त्याचा झोत रुंद व चपटा असतो आणि वरच्या बाजूला चाकूने कापल्यासारखा संपतो. त्या कडेच्या वर उजेड जवळजवळ नसतोच. आणि दिवा बसवायचा खाली, बंपरच्या पातळीत.

आलेखाच्या कागदावर ही आकृती विद्यार्थ्यांकडून जरूर काढून घ्यावी. आमच्या गाडीत चालकाचा डोळा जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर आणि दिव्याच्या २ मीटर मागे आहे. दिवा ४५ सेंटिमीटर उंचीवर असून त्याच्या झोताची वरची कड दर मीटरला २ सेंटिमीटर खाली उतरते. चालक दिव्यापुढे १५ मीटरवर असलेल्या रस्त्याच्या एका खुणेकडे पाहतो आहे. त्याची दृष्टिरेषा आणि झोताची कड यांच्या दोन रेषा काढल्या, तर त्या दिव्यापासून १२ मीटरवर एकमेकींना छेदतात. याचा अर्थ, नजर १२ मीटर अंधाऱ्या धुक्यातून जाते आणि फक्त शेवटचे ३ मीटर उजळलेल्या धुक्यातून! अपर लावला असता तर जवळजवळ सगळी वाट उजळलेल्या पडद्यातून गेली असती. टपावर दिव्यांची माळ लावून मिरवणाऱ्या जीपगाड्या आपण पाहतो. धुक्यात त्यांच्याइतका निरुपयोगी दिवा नाही. तो चालकाच्या डोळ्यांपुढचेच धुके आधी उजळतो.

रंगाबद्दलही एक समजूत पक्की आहे: पिवळा प्रकाश धुके भेदून जातो. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत मोटारींचे पुढचे मुख्य दिवेही पिवळेच असत. या समजुतीला आधार म्हणून आकाशाच्या निळेपणाचा दाखला देतात. लहान तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून निळा टाळावा, असा तो युक्तिवाद. पण तो नियम लागू पडतो तो हवेच्या रेणूंसारख्या, प्रकाशाच्या तरंगलांबीहून खूप लहान कणांना. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर, आणि धुक्याचा थेंब तिच्या वीस-तीस पट मोठा. असा थेंब सगळ्या रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतो. पुरावा डोळ्यांपुढेच आहे: आकाश निळे दिसते, धुके पांढरे दिसते. पिवळ्या प्रकाशाने डोळ्यांना जरा कमी त्रास होतो, एवढे खरे. तो दूर मात्र पोहोचत नाही. वर्गात हे दाखवताना पाण्यात दूध घालण्याचा मोह होईल, तो आवरावा. दुधातल्या प्रथिनांचे कण फार बारीक असल्याने पातळ केलेले दूध निळसर दिसते आणि नेमका उलटा निष्कर्ष निघतो. चहाच्या किटलीची वाफ बरी.

आता प्रत्यक्ष जोडणी. प्रत्येकी ५५ वॉटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टवर लावले तर ११० भागिले १२, म्हणजे सुमारे ९ अँपिअर धारा लागते. (इंजिन चालू असताना दाब साडेतेरा-चौदा व्होल्ट असतो, पण हिशेबाला १२ धरू.) घरातल्या ९ वॉटच्या एलईडी बल्बला २३० व्होल्टवर एक अँपिअरचा पंचविसावा भागही लागत नाही. मोटारीतला दाब लहान, म्हणून धारा मोठी. आमची पहिली चूक येथेच झाली.

आणलेल्या संचातली वायर बारीक होती. तांब्याचा काटछेद अवघा अर्धा चौरस मिलिमीटर. ती आम्ही बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत आणि तेथून पुन्हा पुढे दिव्यांपर्यंत नेली. एकूण ५ मीटर. दिवे लागले, आम्ही खूश झालो. दहा मिनिटांनी प्लास्टिक तापल्याचा वास आला. स्विचला हात लावला तर तो मऊ पडू लागला होता! गाडी बंद करून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तांब्याची रोधकता १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर. त्यावरून या वायरीचा रोध ०.१७ ओहम निघतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ९ अँपिअरने गुणला की दीड व्होल्ट वाटेतच गळाले. हॅलोजन दिव्याचा प्रकाश दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. १२ ऐवजी साडेदहा व्होल्ट मिळाले की एक तृतीयांशाहून जास्त उजेड गेला. आणि उष्णता? धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे वायरभर सुमारे १४ वॉट. ती पाच मीटरवर पसरलेली असल्याने तितकी जाणवत नाही. स्विचच्या सैल टोकाशी मात्र ०.१ ओहम रोध असला तरी ८ वॉट उष्णता शेंगदाण्याएवढ्या जागेत साठते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचे लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वासाचा उलगडा होतो. गाडीला आग लागण्याची सुरुवात अशीच होऊ शकते.

दुसऱ्या रविवारी आम्ही रिले आणली. रिले म्हणजे काडेपेटीहून लहान डबीतला एक विद्युतचुंबक. त्याच्या वेटोळ्यातून जेमतेम ०.१५ अँपिअर धारा गेली की तो एक लोखंडी पट्टी ओढतो, पट्टी जाड संपर्क जुळवते आणि त्यातून मोठी धारा वाहते. डॅशबोर्डवरच्या स्विचने केवळ वेटोळे चालू-बंद करायचे. ९ अँपिअरची धारा बॅटरीजवळच राहते, चालकाच्या गुडघ्यांपाशी येतच नाही. डबीच्या पायांवर ३०, ८७, ८५ आणि ८६ असे आकडे असतात. ते जर्मन मानकातून आलेले आहेत. ३० ला बॅटरीकडून वीज, ८७ वरून दिव्यांना, ८५ व ८६ ही वेटोळ्याची टोके. टॉर्चचे आठ सेल एकापुढे एक जोडून वर्गात रिलेची ‘टक्’ ऐकवता येते. ‘विद्युतचुंबकाचे उपयोग’ या मथळ्याखाली विद्युत घंटेचीच आकृती काढून कंटाळलेल्या शिक्षकांनी हा प्रयोग करून पाहावा.

काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे. धन टोक आधी सोडवायला गेले आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर शेकडो अँपिअरची ठिणगी उडते. पत्रा ऋण टोकाला जोडलेलाच असतो. ऋण टोक आधी सुटले की परिपथच तुटतो. मग धन टोकापासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज. तो दिव्यासाठी नसून वायरीसाठी असतो. फ्यूजच्या अलीकडची वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर तिला कुणी वाली नाही, म्हणून हे अंतर लहान ठेवायचे. फ्यूजपुढे अडीच चौरस मिलिमीटरची वायर ३० ला, ८७ पासून तशीच दोन्ही दिव्यांना. दिव्यांचे दुसरे टोक रंग खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर बोल्टने घट्ट. बॅटरीपासून दिव्यांपर्यंतची वायर आता दोनच मीटर लागली आणि दाबाची गळती व्होल्टच्या आठव्या भागावर आली. ८६ ला येणारी बारीक वायर आम्ही पार्किंग दिव्याच्या वायरीवरून, स्विचमधून घेतली; ८५ पत्र्याला. त्यामुळे मागचे तांबडे दिवे लागल्याशिवाय धुक्याचे दिवे लागतच नाहीत. धुक्यात आपल्याला दिसणे जितके जरुरीचे तितकेच आपण मागच्याला दिसणे.

इंजिनाच्या बाजूने आत येणारी वायर पत्र्यातल्या भोकातून जाते. त्या भोकाला रबरी कडे हवेच. हॅलोजन बल्बची काच बोटांनी धरू नये, त्वचेचे तेल लागलेली जागा तापून काच तडकते. अलीकडच्या मोटारींत दिव्यांचे नियंत्रण संगणकाकडे असते. तेथे वायर कापून जोड देण्याच्या फंदात न पडता निर्मात्याचाच संच बसवावा.

सर्वांत महत्त्वाचे, आणि बहुतेक जण जे करतच नाहीत, ते म्हणजे झोताची दिशा लावणे. शाळेची भिंत आणि सपाट पटांगण यासाठी उत्तम. चालकाच्या जागी कुणाला तरी बसवून गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. आमचा दिवा ४५ सेंटिमीटरवर आणि उतार २ टक्के, म्हणून भिंतीवर २५ सेंटिमीटर उंचीवर खडूने रेघ ओढली आणि झोताची कड तिच्यावर येईपर्यंत दिव्याचा स्क्रू फिरवला. भिंतीवर स्वच्छ कड दिसलीच नाही, नुसता गोल उजेडाचा भोपळा दिसला, तर तो धुक्याचा दिवा नव्हे, मग खोक्यावर काहीही छापलेले असो. हॅलोजनच्या दिव्यात एलईडीचा बल्ब घातला की हेच होते; परावर्तक ज्या बिंदूसाठी घडवला, तेथून प्रकाश निघत नाही आणि कड विसकटते.

विसकटलेल्या झोताची शिक्षा आपल्याला नाही, समोरून येणाऱ्याला होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम याच माणसाचा विचार करतो. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसाला झगमगाटाने दिपवेल असा दिवा चालत नाही. हा नियम म्हणजे तयार प्रयोगच आहे. आमच्यातले एक शिक्षक बरोबर त्या जागी उभे राहिले. दिव्याकडे पाहता पाहता त्यांना गाडीचा क्रमांक वाचता आला, तेव्हाच स्क्रू पक्के केले.

आता शेवटचे गणित. ४५ सेंटिमीटर उंचीवरून २ टक्के उतरणारी कड साडेबावीस मीटरवर जमिनीला मिळते. त्यापलीकडे या दिव्यांनी काहीही दिसणार नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, चालकाला ब्रेक दाबायचे सुचेपर्यंतच्या एका सेकंदात ११ मीटर जाते. ओल्या रस्त्यावर वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो असे धरले, तर थांबेपर्यंत आणखी १२ मीटर. बेरीज २३. म्हणजे ४० ला गाडी दिसलेल्या दगडावर जाऊन आदळते. ३० ला हीच बेरीज सुमारे १५ मीटर येते आणि ६० ला ४४. दिवे बसवल्यावर आमच्या सहकाऱ्यांनी डॅशबोर्डवर चिकटपट्टी लावून तिच्यावर ‘धुके ३०’ असे लिहून ठेवले आहे.

पहिला पाऊस झाल्यावर पत्र्याला जोडलेले ऋण टोक एकदा उघडून पाहावे. आमच्या एका दिव्याचा उजेड दोन महिन्यांत तांबूस पडला. बल्ब बदलून उपयोग झाला नाही. बोल्टखाली गंज धरला होता. तो घासून काढला, वरून ग्रीस लावले, आणि दिवा पुन्हा दुसऱ्याच्या बरोबरीने पांढरा झाला.