आभासी वस्त्रांची शिवणकला : पेरुंगुडी परिसरातून दिसणारे एक नवे कौशल्य

चेन्नईच्या दक्षिणेकडील पेरुंगुडी २०११ मध्ये महानगरपालिकेत समाविष्ट झाले. त्याला लागून असलेल्या तरमणी येथे २००० मध्ये टायडेल पार्क सुरू झाल्यानंतर जुना महाबलीपुरम रस्ता, म्हणजेच आजचा राजीव गांधी सलाई, माहिती तंत्रज्ञानाचा पट्टा म्हणून देशभर ओळखला जाऊ लागला. याच तरमणीत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र आहे आणि तमिळनाडू शासनाची चित्रपट प्रशिक्षण संस्थाही आहे. शिवण, चित्रपट आणि संगणक या तीन विद्या इतक्या जवळ नांदत असल्याची उदाहरणे देशात थोडी आहेत. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये मांडलेली उद्योगांच्या स्थानिकीकरणाची कल्पना अभ्यासताना हा परिसर डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. या तिन्ही विद्यांच्या संगमावर जे कौशल्य उभे राहते, ते म्हणजे संगणकावरील त्रिमितीय पात्रांसाठी वस्त्रे बेतण्याचे.

हे कौशल्य चेन्नईला अपरिचित नाही. सौंदर्या रजनीकांत दिग्दर्शित ‘कोचडैयान’ हा तमिळ चित्रपट २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात मोशन कॅप्चर तंत्राने नटांच्या हालचाली टिपून त्या संगणकीय पात्रांना देण्यात आल्या. वेशभूषा नीता लुल्ला यांची होती. अशा चित्रीकरणात नटाच्या अंगावर खुणा लावलेला घट्ट पोशाख असतो. राजवस्त्रे, उपरणे, चिलखत हे सारे नंतर संगणकात घडवावे लागते. प्रत्यक्ष कापड कॅमेऱ्यासमोर आपोआप झुलते. संगणकातील कापडाला मात्र झुलायला शिकवावे लागते.

कापडाचे गणित

१९८० च्या दशकात या विषयावर गांभीर्याने संशोधन सुरू झाले. डेव्हिड बराफ व अँड्र्यू विटकिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीमुळे गणनेचा वेळ मोठ्या प्रमाणावर कमी झाला. प्रचलित पद्धतींमागील कल्पना थोडक्यात अशी : कापड म्हणजे बिंदूंचे जाळे. शेजारच्या बिंदूंमध्ये स्प्रिंगसारखा ताण असतो. ताण्याच्या दिशेने, बाण्याच्या दिशेने आणि तिरपे अशा तिन्ही बाजूंनी हा ताण वेगवेगळा ठेवला, तसेच वाकण्याचा विरोध व वजन ठरवून दिले, की तेच जाळे कधी मलमल तर कधी घोंगडी भासते.

शिकणाऱ्याला हे गणित स्वतः सोडवावे लागत नाही, ते काम आज्ञावली करते. त्याने शिकायचे ते वेगळेच. दक्षिण कोरियात विकसित झालेल्या मार्व्हलस डिझायनरसारख्या आज्ञावलीत वस्त्र घडवण्याची रीत शिंप्याच्या रीतीसारखीच आहे. पात्राची मापे घ्यावयाची, पुढचा भाग, पाठ, बाही यांचे सपाट तुकडे आखावयाचे, कोणती कड कोणत्या कडेला शिवली जाईल ते दाखवावयाचे. मुंढा चुकला तर पात्राने हात उचलताच सदरा खांद्यावर चढतो, टक चुकीच्या जागी दिला तर कंबरेपाशी चुण्या पडतात. म्हणूनच ज्याला कापड बेतणे ठाऊक आहे, त्याला अर्धा अभ्यास आधीच झालेला असतो. सोलापूरच्या गणवेश कारखान्यातील कटिंग मास्टरकडे हे ज्ञान आहे. संगणक अभियंत्याकडे ते सहसा नसते. प्रशिक्षणाच्या योजना आखताना ही बाब दुर्लक्षिली जाते, हे खेदाने नमूद करावे लागेल.

पुढचा टप्पा अधिक किचकट आहे. चित्रपटातील एका चौकटीच्या गणनेला कितीही वेळ देता येतो. संगणकीय खेळात मात्र सेकंदाला ३० ते ६० चौकटी तयार व्हाव्या लागतात. त्यामुळे जाळ्यातील बहुभुजांची संख्या घटवून बारीक चुण्या पृष्ठभागावरील चित्रात उतरवाव्या लागतात आणि वस्त्राचा प्रत्येक भाग पात्राच्या सांगाड्यातील योग्य हाडाशी बांधावा लागतो.

नऊवारीचा प्रश्न

या आज्ञावल्या प्रामुख्याने शिवलेल्या कपड्यांसाठी विकसित झाल्या. साडी व धोतर ही न शिवता नेसण्याची वस्त्रे. मराठी नऊवारी आणि तमिळ मडिसार या दोन्ही सुमारे ८.२ मीटर लांबीच्या. साधारण १.१५ मीटर पन्हा धरला व दर ५ मिलिमीटरला एक बिंदू मांडला, तर एका साडीत सुमारे पावणेचार लाख बिंदू होतात. दोन चौरस मीटर कापडाच्या सदऱ्यात ते ८० हजार भरतील. शिवाय निऱ्या एकमेकींवर घड्या पडून बसतात, काष्टा पायांमधून जाऊन मागे खोचला जातो आणि प्रत्येक थर दुसऱ्यातून आरपार जाणार नाही याची तपासणी क्षणोक्षणी करावी लागते. नेसण्याची कृती जाणणाऱ्या व्यक्तीने टप्प्याटप्प्याने घडी घालून दिली, तरच वस्त्र खरे दिसते. भारतीय विद्यार्थ्याला परदेशी स्पर्धकाहून काही अधिक देता येण्यासारखे असेल तर ते येथेच.

अर्थशास्त्रीय दृष्टीने पाहता, आभासी वस्त्राचा पहिला नग महाग आणि दुसरा जवळजवळ फुकट असतो. सीमान्त खर्च शून्याकडे झुकणाऱ्या बाजारात मोजक्या विक्रेत्यांकडे बहुतांश उत्पन्न जाते व उरलेल्यांना नगावारी मजुरी मिळते. ब्लेंडरसारखी आज्ञावली २००२ पासून मुक्त स्वरूपात उपलब्ध असल्याने प्रवेश स्वस्त झाला. पण त्यामुळे स्पर्धाही वाढली. शक्तिशाली संगणकाचा खर्च मात्र विद्यार्थ्यालाच सोसावा लागतो.

हक्कांचा प्रश्नही आहे. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम १५ नुसार, डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणीयोग्य असलेले पण न नोंदवलेले डिझाइन औद्योगिक प्रक्रियेने ५० हून अधिक वेळा वस्तूवर उतरले, की त्यावरील स्वामित्व हक्क संपतो. केवळ पडद्यावर असणारे वस्त्र ही या अर्थाने ‘वस्तू’ ठरते काय, यावर मतभेद संभवतात.

२०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रासाठी कृतिदल नेमण्याची घोषणा झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र उभारण्यास मान्यता दिली आणि २०२५ मध्ये भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था या नावाने ते सुरू झाले. तेथील प्रवेशाच्या अटींत शिवणकामाच्या औद्योगिक प्रशिक्षण अभ्यासक्रमाला किती स्थान मिळते, यावर सोलापूर व इचलकरंजीच्या मुलामुलींसाठी हे दार कितपत उघडेल ते अवलंबून आहे.